कळशीतला आवाज

बाईंनी कापडी पिशवीतून पितळेची कळशी काढली, पदराने तिचं तोंड पुसलं आणि कँटीनच्या टेबलावर माझ्या चहाशेजारी ठेवली.

"ह्यात बोला," त्या म्हणाल्या.

मी इकडेतिकडे पाहिलं. आमच्या पुण्याच्या रेडिओ केंद्राच्या कँटीनमध्ये दुपारी निम्मं केंद्र जमलेलं असायचं आणि तिथे कुणाची फिरकी घ्यायला कारण लागत नसे. तबलजी पाटणकर आमच्याकडे पाठ करून बसला होता, म्हणजे त्याचे कान इकडेच होते. आदल्या वर्षी त्याने माझ्याकडे एक खोटा ज्योतिषी पाठवला होता. हीसुद्धा त्याचीच करामत असणार असं मला वाटलं, म्हणून मी सावधपणे विचारलं, काय बोलू?

"टीव्हीवर बोलला व्हता तसं. ते यंत्र. तुमीच न्हवं का ते?"

मीच होतो. 'नक्षत्रयात्री' नावाची एक मालिका त्या वर्षी रविवारी टीव्हीवर लागायची. यान थर्माकोलचं होतं, कपडे चंदेरी कागदाचे. यानाचा कप्तान दर रविवारी नव्या ग्रहावर उतरायचा आणि ते सगळे ग्रह एकाच खडीच्या खाणीत होते. त्यातल्या 'आज्ञानगर' या भागात मी होतो. दिसलो मात्र कुठेच नव्हतो. त्या नगरात अधिपती नावाचं एक यंत्र भोंग्यांतून बोलतं आणि लोक त्याचं ऐकतात. ऊठ म्हटलं की उठतात, हस म्हटलं की हसतात. 'हलू नकोस' म्हटलं की माणूस आहे तिथे दगड होतो. मग यंत्र त्याची परीक्षा घेतं. त्याच्या आईचा, बायकोचा, पोराचा आवाज काढून बाहेरून हाका मारतं, वाचव म्हणून रडतं. जो हलला तो मेला. कप्तान तेवढा हलत नाही, कारण हाका खोट्या आहेत हे त्याने ओळखलेलं असतं. शेवटी त्याचा साथीदार यंत्राच्या तारा कापायला लागतो, तेव्हा यंत्र 'आज्ञा समाप्त' म्हणतं आणि लोक सुटतात. सुटतात आणि तिथेच उभे राहतात, कारण आता काय करायचं हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. एक म्हातारी भोंग्याला हात लावून विचारते, "आता जेवू का?" तिथे तो भाग संपतो.

साउंडवाल्याने मला त्या खाणीतच एका रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलायला लावलं होतं. दिग्दर्शक हुशार होता. तो म्हणाला, "दाबके, राग नको आणि माया तर मुळीच नको. वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकू नका. खाली टाकला की माणूस ऐकू येतो." मला ते जमलं. त्यानंतर वर्षभर लग्नामुंजीत पोरं 'अधिपती, अधिपती' करत माझ्या मागे लागायची. मी एक-दोनदा नको नको म्हणायचो आणि मग तांब्यात तोंड घालून सगळ्या पंगतीला बोलून दाखवायचो. मला ते आवडायचं. वीस वर्षं रेडिओवर खतं आणि बियाणी यांवर बोललेल्या माणसाला कौतुकाची सवय नसते.

म्हणून मी कळशी जवळ ओढली आणि दोन वाक्यं बोललो. पाटणकरने मान वळवली. बाई मात्र हसल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि मान हलवली, बाजारात कापडाचा पोत बघून पसंत करावा तशी.

"त्योच हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी याल का?"

त्यांचं नाव शालन फडतरे. नवरा हणमंत फडतरे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. फलटणच्या पुढे कालव्याला लागून खात्याची वसाहत आहे, तिथे राहायला. त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांची एकुलती मुलगी वैजू त्या 'आज्ञानगर'ने वेडी झाली होती. बाप कालव्यावरून फिरून आला की ती या कळशीत तोंड घालून त्याला हुकूम सोडायची. बस. चहा पी. मिशी हलव. आईला नमस्कार कर. आणि बाप, ज्याला खात्यातले लोक वचकून असायचे तो, तोंड सरळ ठेवून सगळं करायचा. असाच एक दिवस तिने त्याला ओसरीतल्या खुर्चीत बसवलं आणि 'हलू नकोस' म्हणून सांगितलं. तो अजून बसलेला आहे.

"अजून म्हणजे?"

"पाडव्यापास्नं."

तेव्हा ज्येष्ठ चालू होता. मी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. फलटणच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. मिरजेला नेलं, तिथे हात खाटेला बांधून नाकातून नळी घातली. नळी असेपर्यंत अंगात जीव राहिला, काढली की पुन्हा तेच. सासूने उतारे केले, लिंबं कापली. रात्री शेजारी उचलून अंथरुणावर ठेवत आणि सकाळी पुन्हा खुर्चीत ठेवेपर्यंत तो कण्हत राही. दूध चमच्याने घशात सोडायचं, त्यातलं निम्मं हनुवटीवरून खाली यायचं.

"आखाड न्हाई बघायचे आता," शालनबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. हे सगळं त्यांनी सांगून सांगून झालेलं असावं.

मी अर्थातच शहाणपणा केला. म्हटलं, मुलीने बसवलं ना, मग मुलीलाच सांगा की उठवायला.

"ती न्हाई हितं."

"आजोळी पाठवलीत?"

बाईंनी कळशी पिशवीत ठेवली आणि पिशवीचे बंद गाठ मारून घेतले. मी तो होकार समजलो. बापाची ती अवस्था पोरीने बघू नये म्हणून पाठवली असणार, बरोबरच आहे, असं माझं मीच ठरवून टाकलं.

मी जायचं कबूल केलं. दया आली हे खरं, पण नुसती दया नव्हती. डॉक्टरांना जमलं नाही ते माझ्या आवाजाला जमणार, या कल्पनेने मी आतून फुगलो होतो. आठवडाभर न्हाणीघरात बादलीत तोंड घालून सराव केला. बायको दाराबाहेरून म्हणाली, की निदान पाणी तरी तापत ठेवा.

रविवारी एसटीने मी फाट्यावर उतरलो तेव्हा शालनबाई उन्हात उभ्या होत्या. वसाहत म्हणजे एकसारख्या दहा-बारा बैठ्या खोल्यांची ओळ. समोर कच्चा रस्ता, रस्त्यापलीकडे नीलगिरीची झाडं आणि मग कालव्याचा भराव. आवर्तन चालू होतं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं होतं. पाणी दिसत नव्हतं, पण त्याचा एकसारखा आवाज येत होता. घर जवळ आल्यावर बाई थांबल्या.

"एक करा, सायब. आत गेल्यावर त्यांची इचारपूस करू नका. बरं वाटंल, धीर धरा, असलं कायबी बोलू नका. माणसागत बोलूच नका. पयल्यापास्नं यंत्रच व्हा."

मी म्हटलं, वहिनी, माझं कामच आहे ते.

फाटकापाशी मदने नावाचा म्हातारा पाटकरी हाताची घडी घालून उभा होता. कालव्यावर पाण्याची राखण करणारा हा फडतऱ्यांच्या हाताखालचाच माणूस. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि रामराम घातला नाही. पुण्याहून आणखी एक भोंदू आला, असंच त्याच्या तोंडावर होतं.

हणमंतराव ओसरीत लोखंडी खुर्चीत बसलेले होते. मोठ्या हाडापेराचा माणूस, पण हाडांवरून आता सदरा नुसता लोंबत होता. तळहात गुडघ्यांवर पालथे, पाय जुळवलेले, नजर समोर रस्त्याकडे. दाढी वाढली होती. मला सगळ्यात विचित्र वाटले ते त्यांचे ओठ. हसू येऊ नये म्हणून आपण दाबून धरतो तसे ते घट्ट दाबलेले होते. दोन-अडीच महिने माणूस असे ओठ कसे ठेवू शकतो, ते मला कळेना.

शालनबाईंनी कळशी माझ्या हातात दिली. मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो, श्वास घेतला आणि सुरू केलं.

"हणमंत फडतरे. मी आज्ञानगरचा अधिपती बोलतो आहे."

कळशीतून आवाज चांगला निघत होता, पिंपापेक्षाही चांगला. फडतऱ्यांच्या मानेवरची शीर उडाली. दारात उभ्या राहिलेल्या एका शेजारणीने तोंडाला पदर लावला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, ते आजही मला लपवता येत नाही.

"हणमंत फडतरे. डोळे मीट."

त्यांनी डोळे मिटले.

"डोळे उघड."

उघडले. फाटकापाशी मदनेने हाताची घडी सोडली. मी म्हटलं, ऊठ. ते उठले नाहीत. पुन्हा म्हटलं, तरी नाहीत. मांड्या थरथरल्या, पण बूड खुर्चीवरून हललं नाही. शालनबाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, की नुसतं ऊठ म्हणून भागायचं नाही, आधीचा हुकूम मोडत नाहीत ते. संपल्याचं सांगा.

मी कळशी तोंडाला लावली.

"आज्ञा समाप्त."

दाबून धरलेले ओठ सुटले. त्यांनी तोंड उघडलं, भला मोठा श्वास आत घेतला आणि खुर्चीचे हात धरून ते उभे राहिले. मी शालनबाईंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या हात जोडतील, रडतील, काहीतरी करतील. पण त्या रस्त्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

हणमंतराव धावत सुटले. इतके दिवस न वापरलेले पाय, पायरीवरच ते कोसळले. उठले, फाटकाशी पुन्हा पडले, तसेच चार पायांवर रस्त्यात गेले आणि पुन्हा उठून धावले. "आलो गं," ते ओरडत होते, "आलो, आलो."

"मदनेतात्या, धरा त्यांना!" शालनबाईंची ती किंकाळी ऐकेपर्यंत माझ्या काहीच ध्यानात आलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा ते भरावाच्या उतारावर, पाण्यात मांडीपर्यंत होते. मदनेने मागून कमरेला मिठी घातली होती आणि स्वतः एका नीलगिरीच्या मुळीला पायाचा आधार दिला होता. पाणी गढूळ, जोराचं, काठोकाठ होतं. हणमंतराव वाकून दोन्ही हात पाण्यात खांद्यापर्यंत घालून चाचपत होते. आणि बोलत होते, अगदी हळू, लाडात आल्यासारखं.

"वैजे, हाललो बघ मी. म्या हारलो. तू जिकलीस. ये आता भाईर."

मी पुढे व्हायच्या ऐवजी तिथेच उभा राहिलो. माझ्या हातात ती कळशी होती, धावताना मी ती खाली ठेवली नव्हती. शालनबाई माझ्याशेजारी होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"रोज तेच हारायचे. ती हुकूम द्यायची आन् भाईर जाऊन वरडायची. बाबा, इच्चू चावला. बाबा, पडले. की हे उठलेच पळत. मग ती हसायची. म्हनायची, बाबा, तुमी लई कच्चं, त्यो कप्तान बगा कसा बसला व्हता. त्या दिशी ह्यांनी ठरावलं, आज जिकायचं. मी आत भाकऱ्या करीत व्हते. मलाबी ऐकू आलं. बाबा, बाबा, दोनदा. मग नुसतं बा. मी आतनंच हसले. म्हनलं, आज बाप पक्का झाला."

त्यांनी काठाजवळच्या एका दगडाकडे बोट केलं.

"शेवाळ व्हतं दगडाला. हात धुवाय गेली आसंल. हे तिथं बसून व्हते, ओठ दाबून. लोकांनी तिला उचलून आणली, ओसरीत ठिवली, तरी हे बसून. त्यास्नी वाटलं, ही बी परीक्षाच हाय."

मी म्हणायला हवं होतं, की हे आधी का नाही सांगितलंत. तसं काहीसं मी म्हणालोही असेन, कारण त्या म्हणाल्या, "सांगितलं आसतं तर तुमचा आवाज हालला आसता."

ते खरं होतं. कँटीनमधली ती पिशवी, ती गाठ, 'माणसागत बोलू नका' हे सगळं मला तिथे त्या भरावावर समजलं. त्या बाईला माझ्या आवाजाबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आणि मी आठवडाभर बादलीत तोंड घालून खूश झालो होतो. माझी मलाच शिसारी आली.

वसाहतीतले आणखी दोघे धावत आले. तिघांनी मिळून हणमंतरावांना वर ओढलं, पण आता ते गप्प राहिनात. इतक्या दिवसांच्या उपाशी माणसात ते बळ कुठून आलं कुणास ठाऊक. एकाला त्यांनी लाथ घातली, मदनेच्या मनगटाचा चावा घेतला, आणि दर थोड्या वेळाने पाण्याकडे उसळी घेत होते. "सोडा, ती हाक मारतीया," एवढंच चाललं होतं. मी ऐकलं. हाक कुणीच मारत नव्हतं, नुसतं पाणी वाहत होतं.

"सायब," शालनबाई म्हणाल्या, "बसवा त्यास्नी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पुन्ना हुकूम द्या. हालू नको म्हना."

मी म्हटलं, वहिनी, वेडेपणा करू नका. आत्ता जीप बघा, पुण्याला न्या, मी ओळखीने मोठ्या डॉक्टरांकडे सोय करतो. हे असं बाहेर पडलं ते बरंच झालं, रडतील, ओरडतील, मोकळे होतील. मी बरंच काही बोललो. रेडिओवर तज्ज्ञांच्या मुलाखती घेऊन असं बोलायची सवय लागते.

"मोकळं झाल्यावर कुठं जात्यात ते बगितलं न्हवं तुमी?" त्या म्हणाल्या. "मी किती दिस राखू? मला झोप लागंल की कवातरी. हा कालवा हितनं हालनार हाय का? दवाखान्यात बांधून ठिवत्यात. बांधलेलं बगितलंय मी. त्यापरास खुर्चीत बसलेले बरे."

"पण वहिनी, ते म्हणजे कायमचंच."

"मला दुसरं कोन हाय आता?"

खाली मदने धापा टाकत म्हणाला, "काय करायचं ते बिगी करा. माझ्यानं ऱ्हाईना आता."

मी वाट बघितली. काहीतरी सुचेल, कुणीतरी येईल, निदान ते थकून तरी पडतील. त्यांनी पुन्हा उसळी घेतली, त्या दोघांतला एक घसरला आणि चौघंही हातभर पाण्याकडे सरकले. तेव्हा मी कळशी तोंडाला लावली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला तो थरथरता, आणि हणमंतरावांनी तिकडे लक्षसुद्धा दिलं नाही. मी डोळे मिटले, खाणीतला तो दिवस आठवला, पिंपाचा गंजका वास आठवला, पाणी आणि ती पोरगी डोक्यातून काढून टाकली. राग नको आणि माया तर मुळीच नको.

"हणमंत फडतरे. हलू नकोस. मी सांगेपर्यंत हलू नकोस."

ते थांबले. एक हात पुढे आलेला, तसाच. मग हळूहळू ओठ एकमेकांवर आले आणि दाबले गेले. मदने मटकन खाली बसला आणि मनगट धोतराला पुसू लागला.

मी त्यांना हुकूम देत घरी आणलं. चाल. वळ. पायरी चढ. बस. अंगावरून पाणी गळत होतं तरी ते पुसायला हात वर गेला नाही. शालनबाईंनी टॉवेल आणून त्यांचे केस पुसले, ओला सदरा काढला, कोरडा चढवला. हे सगळं त्या इतक्या सरावाने करत होत्या की मला बघवेना. मी ओसरीच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

मग त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आवाज. मी करून बगितलाय, माझा त्यास्नी पटत न्हाई. वैजूचा पटत व्हता. तुमचा पटला. तुमी रोज येनार न्हाई. दूध गीळ म्हनलं तर गिळतील ते, पर म्हनायला पायजे ना कुनीतरी."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण नाही म्हणून मी पुण्याला परत जाणार होतो आणि त्या तिथेच राहणार होत्या. म्हणून मी शिकवलं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ नवख्यांना आवाजाचे धडे दिले, इतकी मन लावून शिकणारी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही. हनुवटी खाली घ्या. पोटातून बोला. दोन शब्दांमध्ये श्वास ऐकू येऊ देऊ नका. त्या एकेक गोष्ट करून बघत होत्या. हणमंतराव मात्र जागचे हलत नव्हते.

अडत होतं ते एकाच ठिकाणी. 'गीळ' म्हणताना शेवटी त्यांचा आवाज खाली यायचा, लेकराला भरवताना येतो तसा. मी सांगितलं, तिथे माया येते आहे, ती काढा. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा आली. मी म्हटलं, वहिनी, समोर तुमचा माणूस आहे हे विसरा, समोर कुणीच नाही असं समजा. त्या उठून आत गेल्या. भांडी वाजल्याचा आवाज आला, मग काहीच आला नाही. बऱ्याच वेळाने त्या तोंड धुऊन बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि कळशी उचलली.

"हणमंत फडतरे. मान वळव."

मान वळली. शालनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मग आम्ही उरलेले सगळे हुकूम एकामागून एक घेतले. तोंड उघड, चाव, गीळ, ऊठ, चाल, झोप. शेवटी मी म्हटलं, आता ते एक राहिलं, तेही घेऊन ठेवा, कधी पुढेमागे लागलं तर.

"ते नगं," त्या म्हणाल्या. "ते मला येऊच ने."

कळशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, की सकाळी शेतीच्या कार्यक्रमात शेवटी 'समाप्त' म्हणतो तो आवाज माझाच ना. मी हो म्हटलं. मग त्यांनी ओसरीतल्या फळीवरून रेडिओ काढला, त्याची वायर गुंडाळली आणि तो मदनेच्या हातात दिला. घेऊन जा म्हणाल्या, तुमच्या नातीला होईल.

निघताना मी त्यांना पत्ता देऊ केला, काही लागलं तर कळवा म्हणालो. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "तुमचे लई उपकार झाले. पर आता येऊ नका, सायब. त्यास्नी बगून तुमच्या तोंडातनं चुकून कायतरी निघायचं."

मी फाटकाबाहेर पडलो. मदने मला फाट्यापर्यंत सोडायला आला, रेडिओ काखेत धरून. रस्ता कालव्याच्या कडेकडेने जात होता आणि ऊन उतरलं होतं. थोडं अंतर गेल्यावर मागून तो आवाज आला. पितळेच्या पोकळीतून येणारा, एका पट्टीतला, कुठेही न वाकणारा. तोंड उघड. चाव. गीळ. तोंड उघड. मदने थबकला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागला, मीच बोलतो आहे की काय म्हणून. मी तोंड मिटलेलंच होतं. मी कान देऊन वाट बघितली, एखाद्या तरी शब्दाच्या शेवटी आवाज खाली येतो का ते. एसटी येईपर्यंत बघितली. फार चांगल्या शिकल्या होत्या त्या.